सव्वासहाची बस

२९ मे, गुरुवार

क्लासने यंदा गरजेपेक्षा जास्त डायऱ्या छापल्या, त्यातली ही एक. पाच महिने कपाटात कोरी पडली होती. आज काढली, कारण डोकं तापलंय आणि घरात ऐकायला कोणी नाही. ह्यांना काही सांगायला जावं तर पेपर खाली न करता नुसतं "हं" म्हणतात.

रविवारपासून बसचं भाडं वाढतंय, आणि तेही थोडंथोडकं नाही. नऊशेचा पास पंधराशे होणार. धोंडिबा कंडक्टरने आज सकाळी बसमध्ये सांगितलं, तेही असा चेहरा करून की जणू कुणाच्या घरी काही वाईट घडलंय. आमची सव्वासहाची बस, बिबवेवाडीहून थेट कोथरूड. पुढची डावी बाजू सगळी आम्हा बायकांची. कोणी पोळ्या लाटायला जातं, कोणी पाळणाघरात, शालन एका डॉक्टरांकडे स्वयंपाकाला आणि मी क्लासचं ऑफिस उघडायला. कोणाच्या डब्यात काय आहे ते आम्ही वासावरून सांगतो, इतकी वर्षं झाली. पंधराशेचं ऐकल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि मग बोटांवर हिशेब करायला लागल्या.

समाधानला याचं काही नाही. समाधान हा आमच्या मागच्या गल्लीतल्या जयाचा मुलगा. तेवीस वर्षांचा बाप्या, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. त्याचा पास दिव्यांगांचा, त्याला पैसे पडत नाहीत. जया त्याला स्टॉपवर चढवते आणि स्वतः दुसऱ्या बसने शनिवार पेठेत जाते, तिथे एका हॉस्पिटलात ती आया आहे. तो कर्वे पुतळ्याजवळच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या आणि आकाशकंदील करतो. कार्यशाळेची गाडी नाही. वेळेवर पोचायचं, नाहीतर जागेसाठी बाहेर कितीतरी आईबाप थांबलेले आहेत. जयाने जिवाचं रान करून त्याला प्रवास शिकवला आणि दिवाळीपासून तो एकटा जातो. कर्वे पुतळ्याला मी उतरते, तो उतरतो आणि मान खाली घालून सरळ आपल्या गल्लीत शिरतो. वळूनसुद्धा बघत नाही. सगळ्या बसला त्याचं कौतुक आहे.

२ जून, सोमवार

नव्या भाड्याचा पहिला कामाचा दिवस. बसमध्ये नुसता तमाशा. एक गृहस्थ तिकीट हातात घेऊन धोंडिबाला म्हणाले, "यात परतीचा चहा पण आहे का?" मी पण तोंडसुख घेतलं. धोंडिबा शेवटी म्हणाला, "ताई, मी वाढवलंय का? माझ्या बायकोला पण एवढंच पडतं." खरं आहे. पण भांडायला समोर तोच असतो, बाकीचे कुठे सापडतात?

आरडाओरडा वाढला तसे समाधानने कानांवर हात घेतले आणि पुढेमागे झुलायला लागला. मी पाठीवर हात ठेवल्यावर थांबला. शालन तिकिटाचे पैसे वाचवायला नळ स्टॉपलाच उतरून पुढे चालत गेली. तिचा गुडघा आधीच धरलेला आहे. तिला तसं लंगडत जाताना बसमधून बघितलं आणि ठरवलं की हे असं चालणार नाही.

५ जून, गुरुवार

डोकं लढवलं! आमच्या गल्लीतल्या रविराजची शाळेची व्हॅन आहे. शाळा नऊला भरायला लागल्यापासून ती सकाळी आठपर्यंत नुसती उभी असते. त्याला म्हटलं, आम्हाला सोड आणि मग तुझी पोरं घे. आधी का-कू केलं. शाळेची व्हॅन, कोणी अडवलं तर काय, वगैरे. मी म्हटलं, आम्ही सगळ्या मावश्या आहोत, पोरांना सांभाळायला चाललोय म्हण. हसला आणि तयार झाला. जुन्या पासापेक्षाही स्वस्त पडतंय. बसमधल्या सगळ्या मनाने कधीच व्हॅनमध्ये जाऊन बसल्यात.

ह्यांनी आज पेपर खाली केला. म्हणाले, "म्हणजे आता तुझी स्वतःची पीएमटी." म्हणू देत.

९ जून, सोमवार

पहिली फेरी झाली. दाटीवाटीने बसलो, पण कुठे थांबणं नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, प्रत्येकीला कामाच्या दारात सोडलं. शालनने रविराजला ओवाळलं आणि व्हॅनच्या स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. मला सगळ्या "मॅनेजर" म्हणायला लागल्यात. इतक्या वर्षांत एवढं बरं मला क्वचित वाटलंय.

निघताना स्टॉपवर जया आणि समाधान दिसले. त्याने व्हॅनमध्ये मला पाहिलं आणि हात वर केला. मीही केला.

१८ जून, बुधवार

जया घरी आली होती. चहाला नको म्हणाली, दारातच उभी.

"हिराताई, समाधानला व्हॅनमध्ये घ्याल का? पैसे देईन मी."

"अगं, त्याला पास फुकट असताना कशाला?"

"बसमध्ये ओळखीचं कोणी राहिलं नाही."

"धोंडिबा आहे की."

"ते तिकिटं काढतील की याच्याकडे बघतील?"

"पण जया, तो एकटा जातो ना? तूच तर शिकवलंस."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. मीच मग सांगितलं की सीट नाही. खोटं नाही ते. मधल्या फळीवर जागा आहे, पण तिथे आमच्या पिशव्या असतात. आणि रविराजला मी आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "ताई, तो गुणगुणतो, झुलतो, गाडी चालवताना माझं लक्ष जातं." दोघीतिघी पण कुरकुरल्या, की बायकांच्या गाडीत एवढा मोठा पुरुष कशाला. सगळ्यांचं बघावं लागतं मला. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. "बरं," म्हणाली आणि गेली. चहा तरी घ्यायला हवा होता तिने.

२७ जून, शुक्रवार

स्वारगेटच्या सिग्नलला सव्वासहाची बस आमच्या शेजारी थांबली. आमची डावी बाजू सगळी मोकळी, आणि पुढच्या सीटवर समाधान, त्याच्या शेजारी चक्क जया! म्हणजे शनिवार पेठ सोडून बाई रोज कोथरूडला जाऊन परत फिरते. शालन म्हणाली, वॉर्डात उशिरा पोचते म्हणून सिस्टर तिला दोनदा बोलल्यात.

मला राग आला. मुलगा एकटा जाऊ शकतो, तर त्याला पुन्हा लहान का करायचं? मला दाखवायलाच करतेय असं वाटलं. मी काचेवर टकटक केली, तिने बघितलं नाही. किंवा बघितलं असेल.

१२ जुलै, शनिवार

मंडईहून येताना धोंडिबा भेटला. अंगावर युनिफॉर्म नव्हता, मी आधी ओळखलंच नाही.

"ताई, परत या की गाडीला."

"भाडं कमी करा, येतो."

"ते माझ्या हातात असतं तर! गाडी रिकामी पळते हो. वर आकडे बघतात. ही फेरी राहायची नाही."

"मग बरंच झालं. कळू दे त्यांना."

"त्यांना काय कळायचंय? त्या गाडीत अजून चार-सहा माणसं आहेत, त्यांचं बघा."

"त्यांनी पण ओरडावं. आम्ही ओरडलो, आमची सोय आम्ही केली."

तो मान हलवत गेला. त्याला त्याच्या ड्युटीची काळजी असणार. माणूस वाईट नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

रविराजने भाडं वाढवलं! गॅस, इन्शुरन्स, टायर अशी सगळी यादी वाचून दाखवली. मी भांडायला तोंड उघडलं, तर शालन म्हणते, "जाऊ दे हिराताई, दारात सोडतो ना." बसवाल्यांनी वाढवलं तेव्हा हीच बाई नळ स्टॉपला उतरत होती. मला मॅनेजर म्हणणं सगळ्यांनी केव्हाच बंद केलंय, हे आज लक्षात आलं.

४ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी भाजी घेऊन रस्ता ओलांडत होते, तर धोंडिबाने चालत्या बसच्या दारातून हाक मारली. "ताई, उद्यापासून सव्वासहाची स्वारगेटपर्यंतच! मला पण दुसरा रूट दिलाय. जयाताईंना तेवढं सांगा, माझ्याकडे त्यांचा नंबर नाही!" बस पुढे गेली.

बातमी ऐकून वाटायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही. फोन हातात घेतला आणि ठेवला. त्या दिवसापासून जया माझ्याशी बोललेली नाही, दुकानात दिसली तरी दुसरीकडे बघते. आणि ती रोज त्याच बसमध्ये असते, चढताना पाटी दिसेलच. स्वारगेटला उतरून दुसरी बस धरायची, त्यात काय मोठं? मीच आपणहून फोन केला तर तिला वाटेल मला खुपतंय.

५ ऑगस्ट, मंगळवार

लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही.

अकरा वाजायला आले होते, क्लासमध्ये फी भरायला रांग होती. जयाचा फोन आला. जूननंतर पहिला. नमस्कार नाही, काही नाही. "हिराताई, समाधान तुमच्या व्हॅनमध्ये आहे का?"

मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "कार्यशाळेतून फोन आला. तो पोचलाच नाही."

"पण तू बरोबर असतेस ना?"

"कालपासून नाही. हॉस्पिटलने लेखी दिलंय, परत उशीर झाला तर येऊ नका. काल तो नीट गेला होता. धोंडिबांनी उतरवलं त्याला."

मी बसचं सांगितलं, की आजपासून स्वारगेटपर्यंतच आहे. ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, काल. तिने फोन ठेवला.

रांग तशीच सोडून निघाले. सरांना काय सांगितलं तेही आठवत नाही. तो पुढच्या कुठल्या तरी बसमध्ये बसून शेवटपर्यंत गेला असेल, असं डोक्यात आलं म्हणून आधी कोथरूड डेपो गाठला. उभ्या असलेल्या प्रत्येक बसमध्ये चढून बघितलं. एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, काय हरवलं?" मी माणूस म्हटलं आणि पुढच्या गाडीत चढले. मग कर्वे रोडने उलट चालत आले, दोन्ही बाजू बघत. तो नेहमी घालतो तसा निळा शर्ट दिसला की धावायचं. एका मुलाचा दंड धरून त्याला फिरवलं, तो कॉलेजचा पोरगा निघाला, घाबरला बिचारा. जया तिकडे चौकीत फोटो देऊन आली होती. मी तिला फोन करत होते, ती उचलत नव्हती. तो रस्ता ओलांडताना सगळ्यात जास्त घाबरतो, हे सारखं डोक्यात येत होतं. देवाला काय काय कबूल केलं, त्याला सीमा नाही.

दुपार टळली तेव्हा तिनेच फोन केला. "स्वारगेट," एवढंच.

समाधान स्वारगेटच्या बसथांब्यावर बाकड्यावर बसला होता, मांडीवर डब्याची पिशवी घट्ट धरून. सकाळी सगळ्यांना उतरवलं तेव्हा उतरला आणि समोरच्या बाकड्यावर जो बसला तो तिथून हललाच नाही. पँट ओली झाली होती. शेजारी धोंडिबा उभा होता. त्याची नवी गाडी तिथूनच सुटते, फेरी मारून आला तेव्हा त्याला हा दिसला. समाधानच्या खिशातल्या चिठ्ठीवरून त्यानेच जयाला फोन लावला. इतके तास माणसं त्याच्या शेजारी येऊन बसली आणि उठून गेली, कोणी विचारलं नाही. जयाने आपली ओढणी काढून त्याच्या कमरेला गुंडाळली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला जवळ जाता आलं असतं.

धोंडिबा हळू आवाजात मला म्हणाला, "मी विचारलं, पुढच्या गाडीत का नाही बसलास रे? तर म्हणाला, हिरामावशी अजून उठली नाही."

मी उठले की उठायचं आणि मी उतरले की उतरायचं, एवढंच त्याला येत होतं. दिवाळीपासून तो एकटा जात नव्हता. तो आमच्याबरोबर जात होता, आणि आम्ही सगळ्या त्याचं कौतुक करत होतो. मी गेल्यावर धोंडिबा उतरवायचा, मग जया. आज कोणीच नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी जयाला विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगायला आले होते. सीट नाही म्हणालात."

रिक्षात तिने त्याला आत बसवलं, स्वतः कडेला बसली. जागा होती, पण मला बस म्हणाली नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

जयाकडे गेले. समाधान भिंतीकडे तोंड करून पडला होता, हाक मारली तरी वळला नाही. जया म्हणाली, आता तो घरीच राहील. बाहेरून कडी घालून कामावर जायचं, शेजारची म्हातारी दुपारी बघेल. तेवीस वर्षांच्या मुलाला कडी! कार्यशाळेच्या बाईंचा फोन येऊन गेलाय, सोमवारपर्यंत आला तर जागा आहे, नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल.

मी म्हटलं, "मी नेते. रोज. स्वारगेटला गाडी बदलून पार कार्यशाळेच्या दारापर्यंत."

"कधीपर्यंत?" जया म्हणाली. "पुढची भाडेवाढ होईपर्यंत?"

मी काहीही म्हटलं असतं तरी तिने का ऐकावं? निघताना एवढंच म्हटलं, की सोमवारी सहाला मी स्टॉपवर असेन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

व्हॅनमध्ये विषय काढला. सगळं सांगितलं, आदल्या दिवशी बातमी कळूनही जयाला फोन न करणारी मीच हेही सांगितलं. म्हटलं, निम्म्या जणी तरी बसला परत जाऊ, अर्ज करू, फेरी पुन्हा कोथरूडपर्यंत मागू. सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. शालनने डोळ्यांना पदर लावला, वाईट वाटलं तिला, खरंच वाटलं. पण म्हणाली, "हिराताई, माझा गुडघा बघताय ना." दुसरी म्हणाली, "त्याच्या आईचं काम आहे ते." मी ओरडले तिच्यावर. मग आठवलं, जूनमध्ये मीही साधारण हेच म्हणत होते, फक्त जरा गोड बोलून.

माझी सीट संध्याकाळपर्यंत गेलीसुद्धा. रविराजकडे दोघी थांबल्याच होत्या.

ह्यांना सांगितलं की सोमवारपासून बस, गाडी बदलायची म्हणून मला दोन तिकिटं लागतील, शिवाय थोडं आधी निघावं लागेल. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "जया पाठवेल त्याला?" मी म्हटलं, माहीत नाही. यावर काहीतरी तिरकस बोलतील असं वाटलं होतं. "डबा लवकर लागेल मग तुला," म्हणाले.

१० ऑगस्ट, रविवार

जयाचा फोन नाही. मी दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. उद्या ती आली नाही तर त्याची जागा जाईल आणि ती कडी कायमची होईल. तिला पटवायला माझ्याकडे काहीसुद्धा नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सहाच्या आधीच स्टॉपवर जाऊन उभी राहिले. सहा वाजले, कोणी नाही. आमची व्हॅन, म्हणजे त्यांची व्हॅन, समोरून गेली. शालनने हात केला. मग बस येऊन उभी राहिली. तिच्या पाटीवर कोथरूड नव्हतं. मी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि कंडक्टरला म्हटलं, "दोन मिनिटं, एक माणूस यायचाय." हा कंडक्टर नवा, तरुण. म्हणाला, "ताई, असं थांबता येत नाही." तरी मी पाय काढला नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "रिक्षा आहे का ही?"

जया गल्लीतून जवळजवळ धावत आली, त्याचा हात धरून. नवा शर्ट, केस ओले विंचरलेले. स्टॉपवर आल्यावर समाधान थांबला. बसकडे बघत राहिला आणि पुढे पाऊल टाकेना. जयाने त्याला ढकललं नाही, समजावलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त त्याचा हात सोडला आणि एक पाऊल मागे सरकली. त्या क्षणी मला त्याला ओढून आत घ्यावंसं वाटलं, आणि भीतीही वाटली की मी हात लावला तर तो मागे पळेल. मी काहीच केलं नाही. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून उभा होता.

तो चढला. माझ्या बाजूने अंग चोरून आत गेला, माझ्याकडे न बघता डाव्या बाजूच्या पुढच्या सीटवर खिडकीशी बसला आणि पिशवी मांडीवर घेतली. मी शेजारी बसले तसा तो आणखी खिडकीकडे सरकला. खाली जया उभी होती, तिला तिची बस पकडायची होती, पण ती हलली नव्हती.

कंडक्टर घंटी न मारताच आमच्याकडे आला. मी माझं तिकीट काढलं. समाधानने आपला आपण पास काढून दाखवला. कंडक्टरने पास बघितला, त्याच्याकडे बघितलं, मग सगळ्या बसवर नजर टाकून मोठ्याने विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

खिडकीतून जयालाही ते ऐकू गेलं असणार.

"मी आहे," मी म्हटलं.